कधी न पाहिलेला बर्फ आणि अंबाझरीची धुवारी

पत्र, थोडक्यात: नागपूरच्या एक वाचक, वय ५६, गेल्या वर्षी नोकरीतून मोकळ्या झाल्या आणि शाळेनंतर पहिल्यांदाच त्यांनी जलरंग हातात घेतले. १ डिसेंबरला त्यांनी ठरवलं की जानेवारी संपेपर्यंत रोज एक हिवाळी निसर्गचित्र काढायचं. व्हिडिओ बघत बघत २३ दिवसांत २३ चित्रं झाली. सगळी बर्फाची: देवदार, लाकडी घर, गोठलेली नदी, निळ्या सावल्या. घरच्यांनी कौतुक केलं. मुलगा मात्र सहज म्हणाला, "आई, नागपुरात बर्फ कुठला?" ते मनाला लागलं. चोविसाव्या दिवशी त्या पहाटे शहरातल्या अंबाझरी तलावावर गेल्या, बांधावर बसून चित्र काढलं आणि त्यांच्याच शब्दांत ते "नुसता चिखल" झालं. पुढचे ९ दिवस त्यांनी ब्रशला हात लावला नाही. त्या विचारतात: "आपल्याकडच्या हिवाळ्यात रंगवण्यासारखं असतंच काय? सगळं वाळकं, मातकट. साखळी तर तुटलीच. मुलगा म्हणतो मनालीला चल, खरा बर्फ बघ. जाऊ का? की हा नाद सोडून देऊ? आणि दुसऱ्याचं बघून काढलेली ती २३ चित्रं माझी म्हणायची का?"

ताई,

चित्र कसं बिघडलं ते सांगताना तुम्ही पत्रात लिहिलंय: "समोरचा काठच दिसत नव्हता. झाडं पाण्यावर टांगल्यासारखी वाटत होती. एक बगळा उडाला तेव्हा कळलं की तिथे बगळा बसला होता." तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलंत. मी ते वाचलं आणि पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. उडाल्यावर दिसलेला बगळा जिच्या लक्षात राहिला, तिलाच 'आपल्याकडे रंगवण्यासारखं असतंच काय' असा प्रश्न पडावा, याचं मला वाईट वाटलं. या वाक्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आधी बर्फाबद्दल बोलू. मुलाच्या एका वाक्यावरून तुम्ही त्या २३ चित्रांवर फार लवकर फुली मारताय. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. पेटीत चायनीज व्हाइटची ट्यूब असते, पण ती लावून केलेला उजेड वाळल्यावर खडूसारखा दिसतो. खरा उजेड हवा असेल तर तेवढा कागद कोरा सोडावा लागतो, आणि कुठे सोडायचा ते ब्रश ओला करण्याआधीच ठरवावं लागतं. बर्फाचं चित्र म्हणजे नेमका याच गोष्टीचा सराव. शिवाय उन्हातल्या बर्फाची सावली निळी का, तर तिथे थेट ऊन पोचत नाही, पोचतो तो निळ्या आभाळाचा उजेड. म्हणजे २३ दिवसांत तुम्ही कागद राखायला शिकलात आणि सावलीत काळा रंग न घालायला शिकलात. या दोन्ही गोष्टी नागपुरात लागतात. किती लागतात ते पुढे सांगते.

ती चित्रं तुमची की नाही, हा प्रश्न मला सोपा वाटतो. बघून बघून शिकणं ही फार जुनी रीत आहे. प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहा, कुणाच्या व्हिडिओवरून काढलं ते. प्रदर्शनात किंवा विक्रीला ठेवू नका. एवढं पाळलं की मनावर ओझं ठेवायचं कारण नाही.

मात्र त्या चित्रांत एक काम तुमच्या वाट्याला आलंच नव्हतं: ठरवण्याचं. कुठे बसायचं, काय गाळायचं, लांबचं झाड किती फिकं ठेवायचं, कधी थांबायचं, हे सगळं शिकवणाऱ्याने आधीच ठरवलेलं होतं. २४ डिसेंबरला ते पहिल्यांदा तुमच्या अंगावर आलं. तेही पहाटेच्या थंडीत, फिरायला आलेली माणसं मान वाकवून बघत असताना. त्या चित्राची तुलना तुम्ही आदल्या दिवशीच्या देवदाराशी करताय. ही तुलना मला मान्य नाही. तुमचं अंबाझरीचं चित्र हे तुमचं पहिलं चित्र आहे, आणि पहिल्या चित्राला जितकी माया लावावी तितकी त्याला लावायला हवी.

आता चिखल का झाला ते पाहू, कारण अशी पत्रं मला दर हिवाळ्यात येतात आणि कारणं बहुतेक तीच असतात. पहिलं कारण हवेत आहे. घरात पंख्याखाली पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, बघता बघता वाळतो. पहाटे तलावाकाठी हवा गार असते, दमट असते, तोच वॉश कितीतरी वेळ ओला राहतो. तुम्ही हाताच्या सवयीने दुसरा थर दिला आणि तो खालच्यात विरघळला. अर्धवट वाळलेल्या भागावर पाणी जास्त असलेला ब्रश टेकला तर रंग कडेला ढकलला जातो आणि फुलकोबीसारखे डाग उठतात. तेही तुमच्याकडे उठले असणार. यावर उपाय साधा आहे. बोटांची पालथी बाजू कागदाला अलगद लावा. गार लागलं तर आत ओल आहे, थांबा. त्या वेळात डोळे वर करून समोर बघा. माझ्या मते चित्रातलं निम्मं काम तेव्हाच होतं.

दुसरं कारण रंगांची गर्दी. तुम्ही हिरवा, तपकिरी, राखाडी आणि "थोडासा काळा" वापरल्याचं लिहिलंय. चार-पाच रंग एकमेकांत गेले की त्यातून मातीच निघते, मग समोर अंबाझरी असो की काश्मीर. पुढचे पंधरा दिवस फक्त दोन रंग घ्या: अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. निळा जास्त घेतला तर थंड राखाडी मिळतो, सिएना जास्त घेतला तर उबदार तपकिरी, आणि दोन्ही दाट घेतले तर जवळजवळ काळा, पण जिवंत काळा. पाण्याचे डबे दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला. ही गोष्ट अगदी किरकोळ वाटते, पण मी शिकवते तिथे निम्म्या लोकांचा चिखल दुसऱ्या डब्याने थांबला आहे.

तिसरं कारण तुमच्या बसण्याच्या जागेत आहे. बांधावर तलावाकडे तोंड करून बसलं की सकाळचा सूर्य पाठीशी येतो. समोरच्या सगळ्यावर सारखाच उजेड पडतो आणि झाडं सपाट दिसतात. त्याच जागी संध्याकाळी पाचला बसा. सूर्य समोर असेल, झाडांचे आकार गडद होतील आणि पाण्यावर कोऱ्या कागदाची एक पट्टी सोडावी लागेल. ती कशी सोडायची ते बर्फाने तुम्हाला शिकवलेलंच आहे.

कागदाबद्दल थोडं. पातळ कागद पाण्याने फुगतो, त्याच्या खळग्यांत रंग साचतो, आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरबरीत, कागद घ्या. सुती महाग वाटतो, पण २२ बाय ३० इंची एका पूर्ण कागदाचे साडेपाच बाय साडेसात इंची १६ तुकडे होतात. रोजच्या सरावाला एवढाच आकार बरा. मोठा कागद समोर असला की तो भरण्याचा धाक बसतो.

आणि आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. नागपूरच्या हिवाळ्यात असतं काय?

असतं ते तिरपं ऊन. २२ डिसेंबरच्या आसपास नागपुरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. म्हणजे सव्वाबाराच्या सुमाराला गच्चीवर उभं राहिलात तर तुमची सावली तुमच्याएवढी. आज जानेवारीतही फार फरक पडलेला नाही. मेच्या अखेरीस तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते, तेव्हा भिंत, झाड, माणूस सगळं एकाच भगभगीत उजेडात चपटं होतं. शिवाय मे महिन्यात ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पहिलं टोक वाळलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र दिवसभर लांब सावल्या मिळतात आणि नऊनंतर वॉश ना फार लवकर वाळतो ना फार उशिरा. जलरंगासाठी नागपूरचं वर्षातलं सर्वांत चांगलं ऋतुमान हेच आहे, आणि नेमकं याच दिवसांत तुम्ही दारं बंद करून देवदार काढत होतात.

आपल्याकडे थंडी म्हणावी तशी नसते, असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर आला होता. त्या सकाळची गल्ली मला आठवते: शेकोटीभोवतीचे लोक, कानावरून घेतलेली शाल, दुधाच्या गाडीवरच्या माणसाच्या तोंडातून निघणारी वाफ. बर्फ नव्हता, पण ती थंडी रंगवता आली असती. धूर सरळ वर न जाता छपरांच्या उंचीवर आडवा पसरला होता. हिवाळ्यात असं होतं, कारण रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते आणि वरची तुलनेने उबदार हवा झाकणासारखी राहते. धूर, ओल, धूळ सगळं त्या झाकणाखाली अडकतं. जमीन तापली की ते उठतं. तलावावर, नदीकाठी आणि वावरात हीच ओल धुवारी, म्हणजे धुकं, होऊन दिसते. शेतकऱ्याला धुवारी नको असते, तुरीचा फुलोरा गळतो. चित्रकाराला मात्र ती एक मोठी सोय करून देते: गाळण्याचं काम ती स्वतःच करते. जवळचं एक झाड गडद, त्यामागचं फिकं, त्यामागचं जेमतेम, आणि पुढे काहीच नाही. तीन थर, दोन रंग.

सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर जाऊन या. वाळलेलं सागाचं पान हातात घ्या, एवढं मोठं, कुरकुरीत, कडेने वळलेलं. कोरड्या ब्रशाने बर्न्ट सिएना ओढलात की कागदाच्या खरबरीतपणातून त्याच्या शिरा आपोआप उमटतील. हे पान तुम्हाला 'वाळकं' वाटतं आणि व्हिडिओतलं निष्पर्ण बर्च सुंदर वाटतं, ही आवड तुमच्यात कुठून आली असेल याचा एकदा शांतपणे विचार करा. मी दोष देत नाही. लहानपणापासून कॅलेंडरवर, बिस्किटाच्या डब्यावर, भेटकार्डावर आपण हिवाळा म्हणून बर्फच पाहिला. आपला हिवाळा कुणी चौकटीत घालून दाखवला नाही, म्हणून तो चित्राजोगा नाही असं आपण धरून चाललो.

मग पांढरा कुठे मिळणार? काटोल रोडने किंवा वर्धा रोडने शहराबाहेर पडा, अर्ध्या तासात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लागेल. वेचणी बरीच झाली असेल, पण मागे राहिलेली बोंडं फुटलेली असतात. काळी जमीन, वाळून तपकिरी पडलेली झाडं आणि त्यावर पांढरे ठिपके, पार धुऱ्यापर्यंत. मी पहिल्यांदा पऱ्हाटी रंगवली ती मामाच्या वावरात. सगळं शेत आधी रंगवून टाकलं आणि वरून पांढऱ्या रंगाने कापूस ठेवला. तो कापूस जमिनीवर सांडलेल्या चुन्यासारखा दिसला. पुढच्या हिवाळ्यात मी तेच शेत पुन्हा काढलं. आधी बोंडांच्या जागा कोऱ्या राखल्या, मग त्यांच्याभोवतीने माती आणली, आणि बोंडांच्या सावलीच्या बाजूला अगदी पातळ निळा दिला. तेव्हा कापूस मऊ दिसला. बर्फावरच्या सावलीला तुम्ही जो निळा देता तोच हा निळा, ताई. तुमच्या हातात तो आहे. काळ्या मातीला मात्र ट्यूबमधला काळा लावू नका. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, सिएनाबरोबर तो दाट ओतलात की वाळताना दाणेदार पोत येतो. आपल्या काळ्या मातीसारखा पोत द्यायला यापेक्षा चांगला मार्ग मला अजून सापडलेला नाही.

मनालीला जावं का? मुलाबरोबर चार दिवस मिळतात म्हणून जायचं असेल तर नक्की जा. गुडघ्याची काळजी घ्या, छोटी वही न्या आणि एक लक्षात ठेवा: हाडं गोठवणाऱ्या थंडीत कागदावरचं पाणीसुद्धा गोठतं, तेव्हा खिडकीच्या आतून रंगवा. पण अंबाझरीचं चित्र बिघडलं म्हणून जात असाल तर थांबा. तिथेही कुठे बसायचं आणि काय गाळायचं हे तुम्हालाच ठरवावं लागेल, आणि वेळ फक्त चार दिवस असेल. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९०-९१ मध्ये धान्याच्या गंजींची चित्रमालिका रंगवली, तैलरंगात, सुमारे २५ चित्रं, काही बर्फातली. त्या गंजी जिव्हर्नीला त्याच्या घराशेजारच्या शेतातल्या होत्या. आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटीतीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. घराजवळची एक जागा निवडून तिथेच परत परत जाण्यात जे मिळतं ते प्रवासात मिळणं कठीण. तुमच्याकडे चालत जाण्याच्या अंतरावर तलाव आहे.

राहिली तुटलेली साखळी. इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. 'रोज एक पूर्ण चित्र' हा नियम तुम्ही का घेतलात? पहिल्या बिघडलेल्या चित्रालाच तो तुमच्यावर उलटला. नऊ दिवस रंगवलं नाही, पण त्या नऊ दिवसांत बगळा तुमच्या डोक्यातून गेला नाही, नाहीतर तो पत्रात आला नसता. मी तुमच्या जागी असते तर नियम असा बदलला असता: रोज पंधरा मिनिटं एकाच जागेकडे बघायचं आणि त्या दिवसाचा रंग वहीत एका चौकोनात लावायचा. काडेपेटीएवढा चौकोन. त्याखाली तारीख, वेळ, आणि हवा कशी होती त्याचे दोन शब्द. आठवड्यातून एकदा, रविवारी, त्या सात चौकोनांवरून एक चित्र. ज्या दिवशी पाहुणे आले, गुडघा दुखला, कंटाळा आला, त्या दिवशीचा चौकोन कोरा राहू द्या, त्याखाली फक्त तारीख लिहा. जागा अंबाझरीच असायला हवी असं नाही. पहाटे एकटीने बाहेर बसणं नको वाटत असेल तर गच्ची घ्या. पाण्याची टाकी, शेजारचा कडुनिंब, वाळत घातलेली चादर आणि तिची कठड्यावर पडलेली सावली. बाहेर बसायचंच झालं तर पाठ भिंतीला किंवा झाडाला लावून बसा, म्हणजे मागून डोकावणारे कमी होतात आणि खांदे सैल राहतात.

रात्रपाळी करणाऱ्या एका तरुण वाचकाने मला असंच विचारलं होतं: दिवसाउजेडी झोपायचं, मग निसर्गचित्र कधी काढू? त्यालाही मी काडेपेटीचाच चौकोन सुचवला होता, पहाटे घरी परततानाच्या आभाळाचा. जानेवारीत इथे सूर्य पावणेसातनंतर उगवतो, त्यामुळे साडेसहाचं आभाळ अजून निळं-जांभळं असतं. त्याने ते चालू ठेवलं आहे. घरात लहान मूल असलेल्या, आजारी माणसाची सेवा करणाऱ्या वाचकांनाही हे जमेल, कारण याला एक रंगाचा ठोकळा, एक ब्रश आणि पेलाभर पाणी पुरतं.

जानेवारी संपला म्हणून थांबू नका. काटेसावर पानं टाकून उभी असेल, तिच्या उघड्या फांद्यांची रचना आत्ताच काढून ठेवा. थोड्या दिवसांत त्यांवर लाल फुलं येतील आणि मागोमाग पळस. त्या लालाला कागद स्वच्छ लागतो, पिवळ्यावर नारिंगी, मग लाल. तोवर दोन रंगांवर हात बसलेला असेल, तिसरा आणायला हरकत नाही.

शेवटी तुमचं ते चिखल झालेलं चित्र. फाडलं नसेल अशी आशा आहे. तुम्ही शाळेच्या वस्तूंच्या दुकानातला साधा कागद वापरल्याचं लिहिलंय. अशा कागदावरून रंग पुन्हा उचलणं बऱ्याचदा सोपं जातं. चित्र टेबलावर सपाट ठेवा. रुंद ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून वरचा अर्धा भाग, जिथे तुम्ही समोरचा काठ काढायचा प्रयत्न केलात तो, हलक्या हाताने ओला करा. मिनिटभर थांबा. जुन्या सुती साडीचा तुकडा घडी करून त्यावर दाबा आणि उचला. घासू नका. पुन्हा ओला करा, पुन्हा टिपा. काठ पुसट होईल, झाडांची बुडं विरघळतील, राखाडी उरेल. तिथेच सोडा. मग कापडाचं टोक चिमटीत घेऊन, ओल्या राखाडीत, पाण्याच्या जरा वर, बगळ्याएवढी एक जागा टिपून घ्या.

वाळल्यावर त्याचा फोटो मला पाठवा.